बाजार पंचक्रोशीचा, कारभार एका गावाचा

सकाळचे साडेसात. मेथीच्या जुड्या नुकत्या मांडून झालेल्या असतात. बारदान अंथरलेलं, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड, जुड्यांवर पाण्याचा हबका मारलेला. अजून भवानी व्हायची असते. तेवढ्यात पावतीवाला समोर येऊन उभा राहतो.

‘काढा मावशी.’

‘आरं, अजून एक जुडी गेली न्हाई. दुपारी ये की.’

‘दुपारी तुम्हाला कुठं शोधत बसू?’

कनवटीची नोट निघते, पावती फाटते. कधी नोट जाते आणि पावती फाटतच नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक आठवडी बाजारांत, वार कोणताही असो, दिवसाची सुरुवात अशी होते. मला विचारायचंय ते या नोटेबद्दल. ती जाते कुठं आणि देणारीला तिच्या बदल्यात काय मिळतं?

नोट घेण्यात बेकायदा काही नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला बाजारावर आणि आठवडी बाजारावर फी बसवण्याचा अधिकार दिला आहे. ही वसुली स्वतः न करता लिलावाने मक्त्याने देण्याचीही मुभा आहे आणि बहुतेक पंचायती तेच करतात. वर्षाचा लिलाव होतो, जास्त बोली लावणारा मक्ता घेतो, ठरलेली रक्कम पंचायतीत भरतो आणि पुढचे बावन्न आठवडे आपले पैसे वसूल करतो. व्यवहार सरळ दिसतो, पण त्यात एक मोठी खोट आहे. मक्तेदाराचा नफा पावत्या किती फाटल्या यावर अवलंबून असतो. बाजार स्वच्छ होता का, तिथं पाणी होतं का, सावली होती का, याच्याशी त्याच्या नफ्याचा काडीचाही संबंध नाही. पंचायतीचे पैसे एकदा आले की तिचंही लक्ष उडतं. दराचा फलक बहुतेक ठिकाणी नसतोच. एका पाटीला किती, हातगाडीला किती, टेम्पोला किती, हे पावतीवाल्याच्या नजरेवर ठरतं. ही नजर टेम्पोवाल्यासमोर नरम होते आणि पाटीवालीसमोर कडक, हे ज्याने बाजार पाहिलाय त्याला सांगावं लागत नाही.

बाजार डोळ्यांनी पाहिला तर सगळा रंग एकदम अंगावर येतो. तो कानांनी ऐकला तर मात्र जागेची उतरंड कळते. एसटी स्टँडच्या अंगाला, रस्त्याच्या तोंडाशी टेम्पोवाले. त्यांच्याकडे बॅटरीवरचा भोंगा असतो आणि त्यात आधीच भरून ठेवलेला आवाज: ‘शंभरला चार किलो, शंभरला चार किलो, या ताई या दादा, शंभरला चार.’ हा आवाज श्वास घेत नाही, पाणी प्यायला थांबत नाही. त्याच्या पुढे कपड्यांची, भांड्यांची, चपलांची पालं. पालवाले अजून स्वतःच्या गळ्याने ओरडतात, मधूनच टाळी वाजवतात. मिरचीच्या ओळीत खकाणा उडतो आणि गिऱ्हाईक बोलण्याआधी शिंकतं. भेळ-गोडीशेवच्या दुकानात कढईच्या काठावर झाऱ्याचा ठणका. पुढे घिसाड्याचं बिऱ्हाड. तिथं नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसलेला असतो आणि बायको उभ्याने घण घालते. ठिणगी उडाली तरी तिची पापणी हलत नाही. खुरपं असं डोळ्यांदेखत तयार होतं आणि निवून हातात येतं. त्यानंतर डालग्यातल्या कोंबड्या, बुरडाची सुपं, बोंबील-सुकटीचा वास, केरसुण्या, कासरे, दावी. आणि अगदी शेवटी, गटाराच्या कडेला, ज्यांच्याकडे भोंगा नाही, पाल नाही आणि ओरडायची सवयही नाही अशा बायका. त्या समोरून जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात आणि हळू म्हणतात, ‘घ्या की ताई, घरची हाय.’

केरसुणी-दोरखंडवाले आणि सुक्या मासळीवाल्या कडेला का बसतात, हा प्रश्नही कुणी विचारत नाही. कित्येक गावांत बसण्याची ही रीत जातीच्या उतरंडीतून आली आहे. वाणी सावलीत आणि दोर वळणारा उन्हात, असं कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण जुनी रीत मोडायचीही कुणी मनावर घेतलेली नाही. मक्तेदाराला तर ती मोडण्याचं कारणच नाही.

‘आता दारात टेम्पो येतो, मोबाईलवर भाजी मिळते, मग आठवडी बाजार हवाच कशाला,’ असं म्हणणारे बहुधा विकत घेणाऱ्याच्या बाजूने बोलत असतात. विकणाऱ्याच्या बाजूने पाहा. ज्या बाईच्या दहा गुंठ्यात मेथी-कोथिंबीर आहे, आठवड्याला चाळीस-पन्नास जुड्या निघतात, एखादी डालगंभर वांगी होतात, तिला बाजार समितीच्या आवारात कोण विचारतं? तिथं माल क्रेटनं आणि गोणीनं मोजला जातो, आडत आहे, हमाली आहे, तोलाई आहे आणि त्याआधी तालुक्यापर्यंतचं भाडं आहे. आठवडी बाजारात तिची जुडी दहाला गेली तर दहाचे दहा तिच्या हातात पडतात. अंडी, शेवग्याच्या शेंगा, रानातली करटुली, घरचं हुलगं, दोन कोंबड्या, एवढ्याशा मालाला दुसरी पेठ नाही. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पीय भाषणात देशातले ८६ टक्क्यांहून अधिक शेतकरी अल्प आणि अत्यल्प भूधारक असल्याचं सांगितलं गेलं होतं. ही बाई त्यांच्यातलीच.

घेणाराही तिथं एकाच तऱ्हेचा नसतो. सकाळी येतो तो मास्तर, ग्रामसेवक, खाणावळवाला. तो निवडून घेतो आणि जास्त देतो. दुपारी बाजार मंदावतो. चारनंतर शेतमजूर येतात, कारण पुष्कळ गावांत आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशीच हातात पडते. तेव्हा भाव उतरतो. दहाला एक होती ती जुडी दहाला दोन होते, पंधराला चारही होते. हा भाव कोण उतरवतं? शेवटची एसटी. माल परत न्यायचा म्हणजे पाटीचं वेगळं भाडं. पूर्वी एसटीच्या टपावर पाट्या चढायच्या. आता बहुतेकींना वडापच्या जीपमध्ये पाटी मांडीवर घेऊन बसावं लागतं. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, हे फार चांगलं झालं, पण पाटीला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे उजेड जायच्या आत माल संपवायचा, आणि गावातला सगळ्यात गरीब माणूस त्याच वेळी खरेदीला येतो. तालुक्याच्या गावातलं चकचकीत दुकान ही सोय देणार नाही. तिथं संध्याकाळी भाव उतरत नाही. पायलीतून मापटंभर, मापट्यातून चिपटंभर धान्य मागितलं तर तिथं कुणाला ते शब्दही कळणार नाहीत.

२०२० च्या मार्चमध्ये बाजार बंद झाले, उघडले, पुन्हा बंद झाले. २०२२ मध्ये लंपीमुळे जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. दोन्ही वेळचे बंद रोगासाठी होते आणि त्यांना माझा आक्षेप नाही. पण बाजार बंद राहिल्यावर कुणाच्या घरात मीठ-मिरचीची अडचण झाली, कुणाची दावणीची शेळी विकता आली नाही आणि कुणाचा दवाखाना त्यामुळे लांबला, हे खेड्यात सगळ्यांनी पाहिलं.

आता बाजाराच्या मैदानाकडे या. बाई पहाटे चारला उठून घर आवरून निघालेली असते. सातला बाजारात बसते, सहाला उठते. अकरा तास. त्या अकरा तासांत ती पाणी जवळजवळ पीत नाही. तहान नसते असं नाही. पाणी प्यायलं तर जायचं कुठं? बाजारतळावर बायकांसाठी शौचालय नाही. असलं तर त्याला कुलूप आहे, कुलूप नसलं तर आत पाणी नाही. शाळेच्या मागची भिंत, ओढ्याकडची बाभळ, ओळखीच्या घरी विनवणी, हेच मार्ग. एप्रिल-मेच्या उन्हात डोक्यावर पदर आणि पदरावर ओलं फडकं घेऊन बसलेल्या बायका आपण इतक्या वेळा पाहिल्या आहेत की ते दृश्य आपल्याला बाजाराचाच एक रंग वाटू लागलं आहे. तिला लघवीला जळजळ होते, ताप येतो, ती दोन बाजार चुकवते, आणि हा खर्च बाजाराच्या कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

पंचायतीकडे पैसे नाहीत, हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलं आहे. लहान पंचायतींची ओढाताण खरी आहे, ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात हेही खरं. पण या एका कामासाठी पैशाचा मार्ग आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातल्या पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक शौचालय संकुलासाठी ३ लाख रुपयांपर्यंतची तरतूद होती. आणि बाजाराचा स्वतःचा पैसा? समजा, मध्यम बाजारात ३०० विक्रेते बसतात आणि प्रत्येकाकडून सरासरी २० रुपये घेतले जातात. आठवड्याचे ६,००० झाले, वर्षाचे ३ लाख १२ हजार. मक्तेदाराचा वाटा वगळला तरी एवढ्या पैशांत बाजाराच्या दिवशी शौचालय उघडं आणि स्वच्छ ठेवणारी एक बाई, पिण्याच्या पाण्याचा एक टँकर आणि संध्याकाळची झाडलोट सहज होते. पण हा पैसा ग्रामनिधीत मिसळतो आणि गावातल्या रस्त्याला, गटाराला, दिव्याला जातो. ती कामं वाईट नाहीत. पण ज्यांच्याकडून तो गोळा झाला त्यांना त्यातलं काही दिसत नाही.

असं का होतं? कुणाची नियत वाईट आहे म्हणून नव्हे, असं माझं मत आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंच बाई असलेल्या गावातही बाजारतळावर शौचालय नसतं. खरं कारण साधं आहे आणि म्हणूनच नजरेतून सुटतं. बाजारात बसणारी बाई त्या गावची मतदार नाही. ती पलीकडच्या वाडीवरून, दहा-बारा किलोमीटरवरच्या वस्तीवरून येते. पालवाल्याचं तर गावच दर दिवशी वेगळं. सिंधुदुर्गात सोमवारी मालवण, मंगळवारी सावंतवाडी नाहीतर कणकवली, बुधवारी कुडाळ, असा ज्याचा आठवडा जातो तो यांपैकी कुणाच्या सभेत बोलणार? बाजार भरतो पंचक्रोशीच्या जिवावर आणि चालतो एका गावाच्या ठरावांवर. ज्या ग्रामसभेत बाजारकराचा दर ठरतो, लिलावाच्या अटी ठरतात, बाजारतळाच्या जागेवर गाळे बांधायचं ठरतं, तिथं कर देणाऱ्या बहुतेकांना बोलण्याचा हक्कच नाही. गावातल्या माणसाची घरपट्टी वाढवली तर तो निवडणुकीत विचारतो. पाटीवालीचे दहाचे वीस झाले तर ती कुणाला विचारेल?

मराठा अमदानीत नवी पेठ वसवायची असली की व्यापाऱ्यांना कौल दिला जाई, काही वर्षं कर माफ असे. पेठेचा कारभार पाहणारे शेटे-महाजन पेठेतलेच असत. ते वतनदार होते, विकणाऱ्याच्या राशीतून मूठभर फसकी उचलण्याचा हक्क सांगायचे, तेव्हा त्या व्यवस्थेचं मला कौतुक करायचं नाही. पण एक गोष्ट त्या काळच्या राज्यकर्त्यांना स्पष्ट ठाऊक होती: बसणारा आला तर पेठ आहे, आणि तो यावा म्हणून त्याला काहीतरी द्यावं लागतं. पुण्याच्या सोमवार, मंगळवार, बुधवार या पेठांच्या नावांत तो काळ अजून राहिला आहे. आज आपण बसणाऱ्याला गृहीत धरलं आहे. तो येणारच, त्याला दुसरीकडे जायला जागा नाही.

शहरात रस्त्यावर विकणाऱ्यासाठी २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेता कायदा केला. त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे, तीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायकांच्या. अंमलबजावणीत हजार अडचणी असतील, पण तत्त्व मान्य झालं: जिथं माणूस बसून पोट भरतो त्या जागेच्या कारभारात त्याला बोलता आलं पाहिजे. हा कायदा शहरी विक्रेत्यांसाठी आहे. नगरपालिकेच्या हद्दीत बसणारी बाई त्यात येते. तीच बाई दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीच्या बाजारात बसली की त्यातून बाहेर पडते. पाटी तीच, मेथी तीच. हा फरक कुठल्या न्यायाने करायचा?

केंद्राने बाजारांकडे पाहिलंच नाही असं नाही. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात २२,००० ग्रामीण हाट सुधारून त्यांचे ग्रामीण कृषी बाजार करण्याची घोषणा झाली, त्यासाठी आणि ५८५ बाजार समित्यांसाठी मिळून २,००० कोटींचा निधी जाहीर झाला. रोजगार हमीतून ओटे-छपरं बांधायची, असंही त्यात होतं. घोषणेची दिशा बरोबर होती. पण बाजार सुधारणं म्हणजे बांधकाम, एवढाच अर्थ आपल्याकडे घेतला जातो आणि तिथं गाडी अडते. बाजारतळावर सिमेंटचे गाळे उभे राहतात, ते लिलावात मोबाईल दुरुस्तीवाल्याला आणि बांधकाम साहित्यवाल्याला जातात, तळ निम्मा होतो आणि पाटीवाली आणखी गटाराकडे सरकते. ओटे बांधले तर ते कमरेइतके उंच, चढायला पायरी नाही. साठीची बाई पाटी घेऊन त्यावर कशी चढणार? मग ओट्यावर दुपारी माणसं झोपतात आणि भाजी खालीच राहते. म्हापशाची मंडई पोर्तुगीज अमदानीच्या शेवटी शेवटी नीट आखून बांधली गेली, मालागणिक वेगळ्या ओळी ठेवून. तरी शुक्रवारी गावोगावच्या बायका येतात त्या वाटांवर आणि मोकळ्या जागेतच बसतात, कारण आठवड्यातून एकदा येणाऱ्याला पक्क्या दुकानाची गरज नसते. त्याला वीतभर उंच कोरडी जागा, डोक्यावर पत्रा, हाकेच्या अंतरावर पाणी आणि बंद होणारं दार असलेलं शौचालय लागतं. हे बसणाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

बाजारामुळे रस्ता अडतो म्हणून तो गावाबाहेर न्या, ही दुसरी ठरलेली सूचना. रस्ता अडतो हे खरं आहे, आणि राज्य मार्गावर पाल ठोकणं जिवाशी खेळ आहे. पण दोन किलोमीटर लांब नेलेला बाजार भरत नाही, कारण जिथं एसटी थांबते तिथं गिऱ्हाईक उतरतं. बाजार हलवायचाच असेल तर थांबाही त्याच्याबरोबर हलवा, नाहीतर चार महिन्यांत सगळे पुन्हा जुन्या रस्त्यावर येऊन बसतील, आणि तेव्हा त्यांच्यावर अतिक्रमणाचा शिक्का बसेल.

मक्ता पद्धत आजच्या आज मोडा, असं मी म्हणत नाही. वसुलीला माणूस नसलेल्या पंचायतीला ते झेपणार नाही. पण बाजाराचं उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवून त्यातला ठरावीक मोठा हिस्सा बाजारतळावरच खर्च करण्याचं बंधन राज्य सरकार घालू शकतं. आणि ज्या गावात आठवडी बाजार भरतो तिथं पंचायतीच्या जोडीला एक बाजार समिती हवी. तालुक्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीशी तिचा संबंध नको. तीत आजूबाजूच्या गावांतून येऊन बसणाऱ्यांना, त्यांतही बायकांना, कायद्याने जागा असावी. दर, जागावाटप आणि बांधकाम यांपैकी काहीही तिच्या संमतीशिवाय ठरू नये. तिची बैठक बाजाराच्या दिवशी, बाजारातच व्हावी. नाहीतर विक्रेत्या बैठकीला येऊच शकणार नाहीत आणि समिती कागदावर राहील.

यासाठी कायदा बदलावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. तोवर थांबायचं कारण नाही. आर्थिक वर्ष संपताना पंचायतींच्या फलकांवर बाजार लिलावाच्या नोटिसा लागतात. त्या नोटिशीत अटी घालणं पूर्णपणे पंचायतीच्या हातात आहे: दराचा फलक बाजाराच्या तोंडाशी लावावा, दुपारी बारापर्यंत पाटीवालीकडून पैसे मागू नयेत, पावतीशिवाय पैसे घेतले तर मक्ता रद्द व्हावा, आणि बाजाराच्या दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सातपर्यंत बायकांचं शौचालय पाण्यासह उघडं ठेवण्याची जबाबदारी मक्तेदाराची असावी. बोली थोडी कमी येईल. येऊ द्या. येत्या मार्चमध्ये ज्या सरपंचबाई ही नोटीस काढतील त्यांनी सही करण्याआधी एका बाजाराला गटाराच्या कडेच्या त्या ओळीत जाऊन बसावं आणि काय काय लिहायचं ते तिथल्या बायकांनाच विचारावं.